काजळाची खूण

लाल तारेला सेलचं डोकं लावलं, काळ्या तारेला बूड. डावीकडच्या स्पीकरचा कागद बाहेर आला. तसंच उजवीकडच्याला लावलं. त्याचा कागद आत गेला.

मी परत लावून बघितलं. परत तसंच. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा म्हादू ड्रायव्हर म्हणाला, “आवं वैनी, काय बगताय एवढं? वाजत्यात की दोनी.”

“वाजत्यात,” मी म्हटलं.

जीप चराच्या तोंडाशी उभी होती. आदल्या दिवशी उभी होती तिथंच लाव, असं मीच त्याला सांगितलं होतं. समोर खाली दोन पुरुष खोल चर, सरळ गेलेला. त्यात मोठाले धोंडे, दोन पाट्या, एक चप्पल. कुणी तरी वरनं माती टाकली होती, तरी डाग दिसत होते. आदल्या दिवशी दुपारी तिथं सुरुंग उडाला तेव्हा चरात चार बायका होत्या. कामावरची बाकीची सगळी माणसं जीपवरचा आवाज ऐकून लांब पळाली होती. दोघी जागेवर गेल्या. उरलेल्या दोघींना ह्याच जीपमध्ये घालून म्हादूनं सांगलीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. त्यातली एक माझी धाकटी बहीण तानी.

आणि जीपच्या टपावरचे ते दोन स्पीकर माझ्या दुकानातनं गेलेले.

संपादकांनी सांगितलं की बाईनं असा धंदा केला, त्यावर दिवाळीच्या अंकासाठी लिहा, गमतीजमतीही येऊ द्या. मी चौथी शिकलेली बाई. गमती आहेत, एकदोन सांगते. पण खरं सांगायचं तर मला ह्या धंद्यातलं आठवतं ते हेच, म्हणून हेच आधी लिहिलं.

माझा नवरा लष्करात सिग्नलमध्ये होता. पेन्शनीवर आल्यावर त्यानं सांगलीत खणभागात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान कसलं, दोन माणसं आत बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. त्याचे हात जाड. स्पीकरचं वेटोळं गुंडाळायला बसला की बारीक तार तुटायची आणि तो लष्करातल्या शिव्या द्यायचा. एक दिवस मी म्हटलं, द्या इकडं. लुगड्याच्या काठाला दोरा भरणाऱ्या हाताला ती तार जड नव्हती. तेव्हापासून रेडिओ त्याचे आणि स्पीकर माझे.

धंदा काय ते सांगते, नाही तर पुढचं कळणार नाही.

स्पीकर म्हणजे लोहचुंबक, त्याच्या फटीत तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा द्रोण. वेटोळ्यातनं वीज गेली की द्रोण पुढंमागं हलतो आणि हवा ढकलतो. तोच आवाज. वेटोळ्याची दोन टोकं बाहेर दोन पट्ट्यांना जोडलेली असतात. ज्या पट्टीला सेलचं डोकं लावल्यावर द्रोण बाहेर येतो ती अधिक. एकच स्पीकर असेल तर तारा कशाही जोडा, काही बिघडत नाही. दोन असले की बिघडतं. दोघांनी एकाच वेळी हवा पुढं ढकलायला पाहिजे. एक ढकलतोय आणि दुसरा ओढतोय असं झालं, की दोघांच्या बरोबर मधल्या रेषेत जो असतो त्याच्या कानापर्यंत धड काही पोचत नाही. पोचतं ते बारीक, पोकळ, कुठनं येतंय न कळणारं. तो चार पावलं बाजूला सरकला की त्याला परत नीट ऐकू येतं. म्हणून ही चूक सापडत नाही. तपासणारा माणूस स्पीकरजवळ जाऊन कान लावतो, आणि जवळनं दोन्ही चांगलेच वाजतात.

मोटारीत हा घोटाळा फार. जुना स्पीकर फाटला, नवा घातला, तारा आल्या तशा पिळल्या. मिरजेचा एक टॅक्सीवाला आला होता. गाडीच्या मागच्या फळीवर दोन स्पीकर. म्हणाला, “मालक, मागं मधी बसनारा म्हंतोय गाणं लांबनं आल्यागत येतंय. खिडकीचे दोगं म्हंत्यात लय झ्याक हाय. आज त्यावरनं गाडीत भांडान झालं, एक जण अंकलीतच उतरला.”

नवरा दुसऱ्या कामात होता. मी गाडीत शिरले, एका स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल केल्या, तापलेल्या कैयानं कथलाचा डाग दिला आणि बाहेर आले. टॅक्सीवाला मधे बसला, गाणं ऐकलं, आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाला, “एवढंच? हे तर माज्या बायकूनं बी केलं असतं.”

नवरा वर न बघता म्हणाला, “माज्या बायकूनंच केलंय.”

दुसरा एक बडा माणूस होता, उसाच्या पैशानं नवी फियाट घेतलेला. त्याला बाईच्या हातनं काम करून घ्यायचं नव्हतं. दारात उभा राहून म्हणाला, “मिस्त्री आला की सांगा.” मी म्हटलं, “मिस्त्री मीच. थांबायचं असलं तर थांबा, न्हाई तर कागद फाटलेला हाय तसाच वाजवा.” तो थांबला. पुढं दहा वर्षं त्याच्या सगळ्या गाड्या माझ्याकडं आल्या, पण दर वेळी दारात येऊन आधी विचारायचा, “मिस्त्री हाईत का?”

झाल्या गमती.

अधिकाची पट्टी ओळखू यावी म्हणून आम्ही तिच्यावर टिकली लावायचो. ही नवऱ्याची पद्धत. स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेच्या चपड्यात चिमूटभर कुंकू कालवायचं आणि काडीनं थेंब ठेवायचा. मिनटात वाळतो, वर्षानुवर्षं जात नाही. कुंकू घरात असायचंच, त्यासाठी बाजारात जायला नको. आमच्या दुकानातनं गेलेला स्पीकर सांगली-साताऱ्यात कुठंही उघडला तरी लाल टिकली बघून मेकॅनिकला कळायचं, इथं लाल तार.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या थोडं आधी नवरा काविळीनं गेला.

तेराव्याला सासूनं माझा कुंकवाचा करंडा उचलून आत ठेवला. ते व्हायचंच होतं. दुकान मी महिन्याभरात उघडलं, कारण दुसरं काय करणार. पहिलाच स्पीकर झाला, टिकली लावायची म्हणून मी आत करंडा मागायला गेले. सासू म्हणाली, “आगं, शिवू नगंस त्याला. लोक काय म्हंतील?”

“आवं आत्याबाई, स्पीकरला लावायचंय. मला न्हवं.”

“हात कुनाचा हाय? हात तुजाच न्हवं?”

मी भांडले नाही. मला काम उरकायचं होतं. दिव्यावर काजळी धरली, त्याच चपड्यात कालवली आणि काळी टिकली लावली. लाल काय आणि काळी काय, खूण ती खूण, असं मला वाटलं. रंगाच्या दुकानातनं लाल रंगाची डबी आणता आली असती. सुचलं नाही असं मी सांगणार नाही. सुचलं होतं. कंटाळा केला.

आटपाडीकडं तेव्हा दुष्काळी कामं निघाली होती. तलावाचं काम, खडी फोडायची कामं. तानी म्हसवडच्या बाजूला दिलेली. तिकडं पाणीही नव्हतं आणि पीकही नव्हतं. नवरा मुंबईला गेला आणि ही तलावाच्या कामावर आली. दिवसभर पाटी उचलायची, कामावर मिळणारी सुकडी खायची, पालात झोपायचं. बांधाच्या पायासाठी चर खणायचा होता आणि खाली काळा खडक लागला, म्हणून सुरुंग.

सुरुंगाच्या ठेकेदाराचा एक माणूस आधी लाल निशाण घेऊन सगळा चर चालत जायचा, शिट्टी मारायचा, एकेकीला हाताला धरून वर काढायचा. मग ठेकेदारानं जीप आणली. टपावर दोन पत्र्याचे डबे ठोकले आणि त्यात मोटारीचे दोन स्पीकर बसवले. भोंगे महाग, जुन्या मोटारीचे स्पीकर स्वस्त. जीप आली तसा निशाणवाला दुसऱ्या कामाला लावला. माइकवर एकदा ओरडलं की सगळं काम ऐकतंय, मग चालत कशाला जायचं?

म्हादू ह्या जीपवर ड्रायव्हर. आटपाडीचाच, नवऱ्याच्या ओळखीचा. एक स्पीकर उंदरानं खाल्ला, म्हणून दोन्ही काढून तो माझ्याकडं घेऊन आला. एक धड होता. तो मागं कधी तरी आमच्याच दुकानातनं गेलेला होता, पट्टीवर नवऱ्यानं लावलेली लाल टिकली जशीच्या तशी होती. मी तो वाजवून बघितला आणि बाजूला ठेवला. दुसऱ्याला नवं वेटोळं, नवा कागद घातला, सेल लावून अधिक ओळखली, आणि काळी टिकली लावली.

दोन्ही माझ्यासमोर फळीवर शेजारी शेजारी होते. एक लाल, एक काळी. मी बघितले. मला काही वाटलं नाही, कारण मला दोन्हींचा अर्थ माहीत होता.

म्हादू घाईत होता. जीप चालू ठेवूनच आत आला. “वैनी, खुना केल्यात न्हवं?”

“केल्यात.”

एवढंच बोलणं झालं.

त्यानं तिकडं जाऊन लाल टिकलीला लाल तार लावली आणि काळ्या टिकलीला काळी. कुणीही तेच केलं असतं. जीपजवळ उभा राहून “हॅलो हॅलो” म्हणून बघितलं, झकास वाजलं. चार दिवस काही झालं नाही, कारण चार दिवस जीप बाजूला माळावर उभी असायची आणि बायका इकडंतिकडं असायच्या. पाचव्या दिवशी चराच्या तोंडाशी सावलीचं झुडूप होतं, म्हणून म्हादूनं जीप तिथं लावली. तोंड नेमकं चराकडं. चर म्हणजे त्या दोन स्पीकरांच्या मधून आखलेली रेषाच.

मला सांगलीत निरोप आला तेव्हा मी दवाखान्यात गेले. तानीचा उजवा पाय मांडीपासनं गुंडाळलेला, तोंड सुजलेलं. शेजारच्या खाटेवर पारूबाई, तिच्याच पालातली म्हातारी, तिला शुद्ध नव्हती. तानीला होती. म्हणाली, “आक्का, पाय हाय का बग आदी. मला कळंना झालंय.”

“हाय.”

“मग असू दे.”

मी विचारलं, “आगं, सुरुंगाचं वराडलं न्हाईत का? सगळी पळाली, तुमी का न्हाई आला?”

ती म्हणाली, “वराडलं की. आमी ऐकलं. पर बारीक आलं गं, लय लांबनं. पारूकाकी म्हनली, ते पलीकडच्या कामावरचं हाय, आपलं न्हवं. आपल्या जीपचा आवाज केवडा असतोय. म्हनून आमी पाट्या भरत बसलो.”

ते ऐकलं आणि मला कळलं. टॅक्सीवाल्याचे शब्द होते ते. लांबनं आल्यागत येतंय.

म्हादू बाहेर व्हरांड्यात बसला होता. त्याच्या सदऱ्यावर रक्त वाळलं होतं. मी म्हटलं, “ऊठ. मला कामावर घेऊन चल.” दुकानातनं सेल घेतला. विट्याच्या पुढं तो म्हणाला, “वैनी, मी सुरुंगाच्या आदी तीनदा बोललो. आईची आन. तीनदा.”

“बोलला असशील.”

तिथं सेल लावून जे दिसलं ते वर लिहिलंय. पण तेवढ्यानं माझं मन मानेना. तारा परत जोडायला लावल्या आणि मी चरात उतरले. धोंडे ओलांडून, पाट्या पडल्या होत्या तिथं जाऊन उभी राहिले. म्हादूला सांगितलं, बोल. तो वरनं बोलायला लागला. मला त्याचं तोंड हलताना दिसत होतं. आवाज आला तो डोंगरापलीकडं कुणी तरी ढोरं हाकतंय असा. मी चराच्या भिंतीला चिकटून दोन हात बाजूला झाले तर थोडा वाढला. परत मधे आले, गेला. बायका मधेच काम करत होत्या. कडेला खडक होता.

वर आल्यावर म्हादूला एक एक करून टिकल्या दाखवल्या. तो बराच वेळ बघत राहिला.

“म्हंजी काळी बी लालच व्हती?”

“व्हय.”

“मग मी काय चुकलो, वैनी?”

“तू काय चुकला न्हाईस.”

तो जीपच्या चाकाला टेकून खाली बसला आणि हमसून रडायला लागला. मला रडू आलं नाही. मी तारा बदलल्या, कारण दुसऱ्या दिवशी परत सुरुंग होता.

चौकशीला साहेब आले. बोलावलं नव्हतं तरी मी गेले. तंबूत टेबल मांडलं होतं. ठेकेदार शेजारीच खुर्चीवर. मी म्हटलं, “साहेब, स्पीकर मी दुरुस्त केलेत. मला लिहून द्यायचंय.”

“स्पीकर वाजत होते की नव्हते?”

“वाजत होते.”

“दोन्ही?”

“दोन्ही. पण एकाची तार उलटी होती.”

“तार उलटी असली तर वाजतो का?”

“वाजतो.”

“मग तुमची तक्रार काय आहे बाई?”

“तक्रार न्हाई साहेब. माझी चूक सांगतीय.”

मी सेल काढला. म्हटलं, दाखवते. ठेकेदार हसला. म्हणाला, “साहेब, बहीन दवाखान्यात हाय, डोकं ठिकानावर न्हाई बाईचं.” साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं मला पाणी द्यायला सांगितलं आणि म्हणाला, घरी जा, बहिणीकडं बघा. कागदावर काय लिहिलं ते मला नंतर म्हादूकडनं कळलं. सूचना वेळेवर देण्यात आली होती. बायका बोलत बसल्यानं त्यांचं लक्ष नव्हतं.

म्हणजे मेलेल्यांचीच चूक. मी माझी चूक घेऊन उभी होते, ती कुणी घेतली नाही.

म्हादूनं जीप सोडली. परत कधी कुठल्या गाडीचं चाक धरलं नाही असं ऐकलं. मला तो नंतर भेटला नाही, मीही शोधला नाही.

तानीला मी सगळं सांगितलं. सांगू की नको हा विचार आठ दिवस केला. तोवर तिचा पाय काळा पडत चालला होता आणि डॉक्टर गुडघ्याच्या वर कापायचं म्हणत होते. कापल्यावर वाचेल का, ह्यावर ते काही बोलत नव्हते. मला वाटलं, गेली तर न सांगता जाईल. म्हणून सांगितलं. सेल, टिकली, करंडा, सगळं. तिनं डोळे मिटून ऐकलं.

“झालं?” ती म्हणाली.

“झालं.”

“मग आता काय करू मी? उठून तुला हानू?”

मी तिच्या अंगावरची चादर सरळ केली.

“लाल रंग न्हवता व्हय गं सांगलीत?” एवढं म्हणून तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

घरी येऊन मी सासूच्या खोलीतला करंडा उचलला आणि दुकानात नेऊन ठेवला. ती मागं मागं दारापर्यंत आली. “लोक काय म्हंतील, इंदे?”

मी म्हटलं, “म्हनू द्या.” तिला काय झालं ते ठाऊक होतं. ती आत गेली आणि तिनं परत कधी तो विषय काढला नाही. तिच्यावर सगळं टाकावं असं मला कितीदा वाटलं. पण काजळी तिनं धरली नव्हती.

गिऱ्हाइकं बघायची. विधवा बाई बोटाला कुंकू लावून बसलीय. एक-दोघांनी तोंडावर विचारलंही. मी सांगायची, अधिकाची खूण आहे, तुम्हाला नको असली तर स्पीकर घेऊन जा.

पुढं दुकान मोडलं आणि कुपवाडला एका वर्कशॉपात स्पीकर तपासायच्या कामाला लागले. हाताखाली सहा-सात पोरी होत्या. कारखान्यातनं पट्ट्यांवर खुणा छापूनच यायच्या, तरी मी प्रत्येक जोडीला सेल लावायला लावायची. आणि गाडीत बसवून झाल्यावर एकीनं बरोबर मधे जाऊन बसायचं, मगच गाडी सोडायची. पोरी कंटाळायच्या. एक जण म्हणायची, “मावशी, कुनी मरनार हाय का ह्यानं?” मी सेल तिच्या हातात दिला.

काम मी चांगलं करत होते. माझ्या हातचं वेटोळं जळालं असं फार क्वचित झालं. हे लिहिताना बरं वाटायला पाहिजे, पण वाटत नाही. गाडीत गाणं लागलं की मी अजून मधल्या सीटवर सरकते आणि ऐकते. गाणं नाही ऐकत.

चरात चौघी होत्या. शेवंता आणि हौसा ह्या दोघी जावा, त्या तिथंच गेल्या. पारूबाई नवव्या दिवशी दवाखान्यात गेली, शुद्धीवर न येता. तानी वाचली. एका पायावर ती अजून म्हसवडला राहते.